तेल लावूनही गंज का?

शहापूरला ऑगस्टमध्ये शिक्षकांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा होती. विषय होता परिसरातले रसायनशास्त्र. आम्ही रसायनांच्या चार-पाच बाटल्या बरोबर नेल्या होत्या. बाकी साहित्य शिक्षकांनीच आणायचे होते. घरातली गंजलेली एक वस्तू घेऊन या, एवढेच आम्ही कळवले होते. सकाळी अकरापर्यंत टेबलावर ढीग जमला. विळे, कोयते, कुदळीचे पाते, सायकलची साखळी, कडी-कोयंडे, शिवाय शाळेच्या प्रयोगशाळेतला लोखंडी स्टँडही त्यात होता. या भागात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे गंजलेली वस्तू शोधायला कोणालाच फार दूर जावे लागले नव्हते.

विळा भाताच्या कापणीचा, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. मधल्या काळात, आणि नेमक्या पावसाच्या महिन्यांत, तो कुडाला खोचलेला असतो. कापणीच्या आदल्या दिवशी तो बाहेर काढायचा, दगडावर घासायचा, तांबडी भुकटी उडवायची आणि कामाला लागायचे, हा घराघरातला रिवाज. दर वर्षी थोडे पाते घासले जाते आणि आठ-दहा वर्षांत विळ्याची पार काडी होते. त्यातले किती पाते भात कापताना झिजले आणि किती गंजाने खाल्ले, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

एक निवृत्त गुरुजी मात्र रिकाम्या हातांनी आले होते. ते म्हणाले, "माझी वस्तू इथे आणण्यासारखी नाही. उद्या तुम्हीच घरी चला."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही किन्हवली-सरळगाव रस्त्याने मुरबाड तालुक्यातल्या त्यांच्या गावी गेलो. त्यांनी आतल्या खोलीतून कातड्याच्या पिशवीतली वडलांची ठासणीची बंदूक आणली. पीक राखण्यासाठी असलेला परवाना रीतसर त्यांच्या नावावर होता. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. भाताचा दाणा भरू लागला की माळशेजच्या पायथ्याच्या गावांत रानडुकरांचा त्रास सुरू होतो. गुरुजी बंदूक वापरायचे ती जनावर मारायला नव्हे. एखादा बार हवेत काढायचा आणि कळप हुसकायचा, एवढेच. गेल्या हंगामात असे दोन-तीन बार काढले होते.

प्रथम त्यांनी ठासायचा गज नळीत घालून, त्यावरची खूण पाहून, नळी रिकामी असल्याची खात्री केली. मग बंदूक खिडकीशी धरली. नळीवर तपकिरी पुरळ उठले होते. टोपी बसवण्याच्या जागेभोवती तर गंजाचे पापुद्रेच होते.

"मी दर वर्षी मिरगाच्या आधी तेल लावतो हो," गुरुजी म्हणाले. "शिवणयंत्राचे चांगले तेल. वापरल्यावरही लगेच पुसून तेल लावलेले आहे. तरी हे बघा. तेल लावूनही गंज का?"

प्रश्न चांगला होता. आपण मुलांना शिकवतो, की लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आले की गंज चढतो. तेल लावले की हवा-पाणी पोचत नाही आणि गंज टळतो. गुरुजींनीही तीस वर्षे हेच शिकवले होते. त्यांची बंदूक मात्र त्या धड्याप्रमाणे वागत नव्हती.

एका थेंबातला विद्युत घट

उत्तर शोधायला आधी एक छोटा प्रयोग करू. तो आम्ही शहापूरला केला होता आणि कोणत्याही शाळेत करता येतो. लोखंडी पत्र्याचा तुकडा घासून लख्ख करा. मिठाच्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलिनचे काही थेंब आणि पोटॅशियम फेरिसायनाइडचे काही कण घाला. (हे रसायन तापवू नका, तीव्र आम्लात मिसळू नका.) या द्रावणाचा एक मोठा थेंब पत्र्यावर ठेवा आणि बघत राहा. काही मिनिटांत थेंबाच्या मधोमध निळा रंग दिसू लागतो आणि कडेने गुलाबी.

निळा रंग जिथे दिसतो, तिथे लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरत आहेत. गुलाबी रंग जिथे, तिथे हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेऊन पाण्याशी संयोग पावतो आहे आणि हायड्रॉक्साइड तयार होत आहे. म्हणजे एकाच थेंबात बॅटरीची दोन टोके तयार झाली. तारेचे काम पत्रा करतो आणि द्रावणाचे काम मिठाचे पाणी. निळ्या आणि गुलाबी भागांच्या मध्ये, जिथे दोन्हीकडचे पदार्थ भेटतात, तिथे काही वेळाने तांबूस कडे दिसते. तोच गंज. केंब्रिजचे यू. आर. इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात हा प्रयोग करून गंजण्याची क्रिया विद्युत-रासायनिक असते हे डोळ्यांना दिसेल असे दाखवले. इव्हान्सचा थेंब म्हणूनच तो ओळखला जातो.

या प्रयोगातली एक गोष्ट सहज सुटून जाते. लोखंड खाल्ले जाते ते थेंबाच्या मध्यभागी, म्हणजे जिथे ऑक्सिजन सर्वांत कमी पोचतो तिथे. कडेला ऑक्सिजन भरपूर, पण तिथले लोखंड शाबूत राहते. म्हणून गंजाच्या पापुद्र्याखाली, मातीच्या ढेकळाखाली, कातड्याच्या पट्ट्याखाली, अर्धवट सुटलेल्या रंगाखाली लोखंड जास्त खाल्ले जाते आणि तिथे खड्डा पडतो. वरून घासून दिसणारी तांबडी भुकटी ही खड्ड्यातून बाहेर आलेली माती समजा. माती झाडून खड्डा बुजत नाही.

दुसरी गोष्ट मिठाची. साध्या पावसाच्या पाण्याचा थेंब ठेवला तर हाच प्रकार फार हळू होतो, कारण शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही. मीठ ती वाट मोकळी करते. शिवाय मिठातले क्लोराइड लोखंडावरचा ऑक्साइडचा पातळ संरक्षक थर जागोजाग फोडते. अलिबागच्या किनाऱ्यावरचा कोयता शहापूरच्या कोयत्यापेक्षा लवकर गंजतो तो यामुळे. समुद्रावरून येणारे मिठाचे कण पहिल्या काही किलोमीटरांतच बहुतेक खाली बसतात. शहापूर-मुरबाडपर्यंत त्यांतले थोडेच पोचतात.

मग गुरुजींच्या बंदुकीवर मीठ आले कुठून?

धूर गेला, क्षार राहिले

ठासणीच्या बंदुकीत काळी दारू वापरतात. सोरा, कोळसा आणि गंधक यांचे ते मिश्रण आपल्याला परिचित आहे. दारू उडाली म्हणजे तिचा सगळा धूर झाला असे वाटते, पण तसे होत नाही. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या दोघांनी बंद भांड्यात काळी दारू जाळून केलेले मोजमाप १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वजनाने साधारण ४३ टक्के वायू आणि ५७ टक्के घन पदार्थ मिळाले. म्हणजे निम्म्याहून अधिक भाग घन असतो. त्यातला काही धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेला नळीला चिकटतो. हा भाग मुख्यतः पोटॅशियमच्या क्षारांचा असतो. कार्बोनेट, सल्फेट आणि थोडी गंधकाची इतर संयुगे. बार काढणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असेल, तर ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरते. ते तर आपल्या मिठाचे सख्खे भावंड. दुसऱ्या महायुद्धापर्यंत जगातल्या बहुतेक लष्करी काडतुसांतही क्लोरेटच असे, आणि रायफलची नळी पाण्याने धुण्याची शिस्त सैनिकांना त्यासाठीच लावली जाई.

आता तेलाचा प्रश्न येतो. क्षार तेलात विरघळत नाहीत. तेलाचा बोळा फिरवला की काजळी निघते, नळी चकाकते, आणि क्षारांचा पातळ थर तेलाच्या थराखाली जसाच्या तसा राहतो. तेलाची पातळ फिल्म पाण्याच्या वाफेला पूर्ण अडवू शकत नाही. वाफ हळूहळू आत शिरते आणि क्षार ती ओढून घेतात.

क्षार हवेतून पाणी ओढतात ते किती आर्द्रतेपासून, हे प्रत्येकाचे ठरलेले असते. मीठ पावसाळ्यात पाझरते हे आपण स्वयंपाकघरात पाहतोच. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटते. पोटॅशियम क्लोराइडच्या बाबतीत हा आकडा सुमारे ८५ टक्के आहे आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या बाबतीत केवळ ४३ टक्क्यांच्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये शहापूर-मुरबाडकडची आर्द्रता ४३ टक्क्यांपर्यंत कधी उतरते? जवळजवळ कधीच नाही. म्हणजे नळीच्या आत चार महिने ओल कायम.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पोटॅशियम कार्बोनेट अल्कधर्मी आहे आणि एकटे असेल तर ते लोखंडाला फारसे खात नाही. पण ते पाणी आणून ठेवते, आणि त्या पाण्यात क्लोराइड व गंधकाची संयुगे विरघळली की थेंबातला घट सुरू होतो.

म्हणून ठासणीच्या बंदुकीचा गंज टाळायचा पहिला उपाय ऐकायला उलटा वाटतो. तिला पाण्याने धुवायचे. गरम पाण्यात थोडा साबण घालून कापडाच्या बोळ्याने नळी आतून धुवायची, मग बोळा स्वच्छ निघेपर्यंत नुसत्या गरम पाण्याने. क्षार पाण्यात विरघळून जातात. पाणी चांगले कढत असले की नळी तापते आणि स्वतःच कोरडी होते. ती कोमट असतानाच तेल लावायचे. हे सगळे बार काढल्याच्या दिवशीच झाले पाहिजे. आठवड्याने केले तर घट तोवर सुरू झालेला असतो.

गुरुजींनी हे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "वडील चुलीवर पाणी ठेवायचे, ते आम्हाला आठवते. आम्हाला वाटायचे म्हातारा उगाच पाणी घालतो. तेल सुधारले, आता पाणी कशाला, असे म्हणून मीच ते बंद केले."

(इथे एक सूचना. परवानाधारकाखेरीज कोणी अशी बंदूक हाताळणे हा गुन्हा आहे. जुन्या ठासणीच्या बंदुकीत वर्षानुवर्षे बार भरलेला राहून अपघात झाल्याची उदाहरणे आहेत. सापडलेली किंवा वारशाने आलेली बंदूक साफ करायला घेऊ नये, पोलिसांना कळवावे. शाळेतले सगळे प्रयोग खिळ्यांवर आणि विळ्यांवरच करायचे.)

पिशवी आणि माळा

बंदुकीच्या बाहेरच्या बाजूला दारूचे क्षार नव्हते, तरी पुरळ होते. त्याचा उगम कातड्याच्या पिशवीत होता. कातडे कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार त्यात शिल्लक असतात, आणि कातडे दमट हवेत ओल शोषून धरते. अशा पिशवीत गुंडाळलेले लोखंड म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेले लोखंड. जिथे पिशवीची शिवण टेकत होती, नेमक्या तिथे गंजाची रेघ होती. कातड्याचे म्यान सुऱ्या-तलवारींसाठीही असेच घातक ठरते. गोणपाटाचे आणि थर्मोकोलच्या पेटीतल्या स्पंजाचेही तेच.

बोटांचे ठसेही विसरून चालत नाहीत. घामात मीठ असते. लख्ख घासलेल्या पत्र्यावर अंगठा दाबून पत्रा दमट बरणीत ठेवा. दोन-तीन दिवसांत अंगठ्याचा ठसा तांबड्या रंगात उमटलेला दिसतो. मुलांना हा प्रयोग भारी आवडतो. (एकाने पोलीस तपासाशी त्याचा संबंध जोडला, तो सोडवताना आमचा अर्धा तास गेला.)

लोखंड किती आर्द्रतेपासून गंजते, हे इंग्लंडमध्ये डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी १९२०-३०च्या दशकांत बारकाईने तपासले. विशेषतः हवेत गंधकाचा धूर असेल, तर साठ टक्क्यांच्या आसपास एक उंबरठा लागतो. त्याखाली गंज जवळजवळ थांबतो आणि वर गेला की झपाट्याने वाढतो. म्हणजे हवेतली सगळी वाफ काढायची गरज नाही, उंबरठ्याच्या खाली राहिले की पुरे.

आणि खाली राहण्याचा सोपा उपाय म्हणजे थोडी ऊब. हवा २५ अंशांवर आणि आर्द्रता ९५ टक्के असेल, तर तीच हवा ३० अंशांपर्यंत तापवल्यावर आर्द्रता ७१ टक्क्यांवर येते, ३५ अंशांवर ५४ टक्क्यांवर. वाफ तेवढीच, पण गरम हवेची ती सामावण्याची ताकद वाढलेली. आता चुलीवरचा माळा आठवा. बी-बियाण्याच्या कणसांबरोबर कोयते आणि फाळ तिथे खोचायची पद्धत या भागातल्या जुन्या घरांत होती. वर ऊब असते आणि धुरातल्या डांबरट पदार्थांचा पातळ लेपही बसतो. गॅस आला, माळा गेला, अवजारे पडवीतल्या कोपऱ्यात आली. गॅस आला हे उत्तमच झाले, घरातल्या बाईची फुप्फुसे विळ्यापेक्षा मोलाची. पण माळ्याचे काम दुसऱ्या कशाकडे तरी द्यायला हवे. शाळेच्या सूक्ष्मदर्शकांच्या कपाटात पूर्वी १५ वॅटचा पिवळा दिवा लावून ठेवत, तो याच तत्त्वावर. एलईडी दिव्याने हे साधत नाही. तो उजेड देतो, ऊब फारशी देत नाही.

चढलेला गंज काढताना

गंज टाळायचा राहिला आणि तो चढला, तर काय करायचे? आमच्या मते इथे घाई फार महाग पडते. सर्वांत पहिले हत्यार काढले जाते ते पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर. त्याने गंज जातो आणि शाबूत लोखंडही जाते. खड्डे मात्र राहतात, कारण खड्ड्याच्या तळाशी कागद पोचतच नाही. घासायचेच असेल तर तेलात भिजवलेली अगदी बारीक पोलादी लोकर किंवा पितळी ब्रश पुरतो.

घरगुती उपाय आम्लांचे. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर. चिंचेतले टार्टारिक आणि लिंबातले सायट्रिक आम्ल गंजातल्या लोहाला पकडून विरघळवतात. विळ्यासाठी चिंचेचा कोळ उत्तम. रात्रभर भिजवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. चूक होते ती यानंतर. आम्ल तसेच राहिले तर तासाभरात नवा तांबूस गंज चढतो. म्हणून लगेच धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारायचे, कढत पाण्याने धुवायचे आणि कोमट असतानाच तेल लावायचे. संडास साफ करायचे आम्ल वापरू नये. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते. गंज झटपट काढते खरे, पण खड्ड्यांत क्लोराइड ठेवून जाते. पाणी दिलेले पोलाद, उदाहरणार्थ बंदुकीच्या घोड्याची स्प्रिंग किंवा कानस, कोणत्याही तीव्र आम्लात टाकले तर त्यात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होऊन पुढे कधीतरी तडकते.

विजेचा उपाय शाळेत दाखवण्यासारखा आहे. प्लॅस्टिकच्या बादलीत लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घाला. गंजलेला विळा बारा व्होल्टच्या बॅटरीच्या ऋण टोकाला जोडा, साध्या लोखंडाचा पत्रा धन टोकाला. दोघे एकमेकांना टेकता कामा नयेत. थेंबात जे झाले त्याच्या उलट दिशेने इथे इलेक्ट्रॉन ढकलले जातात. काही तासांत तांबडा गंज काळा आणि भुसभुशीत होऊन ब्रशने निघतो, खालचे लोखंड खाल्ले जात नाही. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम संयुगे पाण्यात उतरतात. विळ्यावरून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, तेव्हा हे व्हरांड्यात करा आणि जवळ उदबत्तीसुद्धा नको.

तिसरा उपाय गंज काढण्याचा नसून बदलण्याचा आहे. हिरडा, बाभळीची साल किंवा ऐनाची साल पाण्यात उकळून गाढ काढा करा. त्यातले टॅनिन गंजातल्या लोहाशी संयोग पावून निळसर काळे, न विरघळणारे संयुग तयार करते. हिरड्याची जुनी शाई हीच. माळशेजपलीकडे जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत हिरडा गोळा करणे हा हजारो कुटुंबांचा आधार आहे, आणि ऐन शहापूरच्या जंगलात हवा तेवढा. सुटा गंज झाडून हा काढा दोन-तीनदा लावला की विळा काळा पडतो. तो थर पूर्ण अभेद्य नसतो, वर तेल किंवा मेण लागतेच. संग्रहालयांत जुन्या लोखंडी वस्तूंवर टॅनिक आम्ल आणि त्यावर मेण लावतात, त्यामागेही हाच विचार आहे.

कार्यशाळेत माहुली चढून आलेल्या दोन मुलांनी तोफांबद्दल विचारले. किल्ल्यांवरच्या लोखंडी तोफा घासून, ऑइलपेंट लावून चकचकीत करायचा उत्साह अलीकडे दिसतो. त्यामागची आस्था खरी आहे. पण समुद्रकिल्ल्यावरच्या तोफेत शतकांचे मीठ खोलवर मुरलेले असते. वर रंग दिला की ते आत कोंडले जाते आणि रंगाखाली गंज चालू राहतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो, म्हणून मग रंगासकट पापुद्रे सुटतात. गुरुजींच्या तेलासारखेच हे. समुद्रातून काढलेल्या तोफा प्रयोगशाळेत अल्कधर्मी पाण्यात महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे ठेवून आधी क्षार बाहेर काढतात. ते काम तज्ज्ञांचे आणि पुरातत्त्व खात्याच्या परवानगीचे आहे. गिर्यारोहकांनी तोफेभोवतीचे गवत आणि साचणारे पाणी काढले तरी खूप झाले.

दिल्लीच्या लोहस्तंभाचा प्रश्नही हमखास येतो. कानपूरच्या आय.आय.टी.तले आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला (भारतीय तोफांवरही त्यांनी पुस्तक लिहिले आहे). सुमारे सोळाशे वर्षांच्या त्या स्तंभावरही गंज आहे. पण लोखंडात फॉस्फरस जास्त असल्याने धातूला लागून फॉस्फेटचा चिवट थर तयार झाला आणि दिल्लीच्या कोरड्या हवेने त्याला साथ दिली. आजच्या पोलादातून फॉस्फरस मुद्दाम काढतात, कारण तो पोलाद ठिसूळ करतो.

गंज चढवून गंज थांबवणे

बंदुकांच्या नळ्या काळ्या-निळ्या का दिसतात? तो रंग नसतो, तो गंजच असतो. जुने कारागीर नळी चांगली घासून, तिचा तेलकटपणा काढून, दमट पेटीत ठेवत आणि तिच्यावर मुद्दाम बारीक, एकसारखा गंज चढवत. मग ती उकळत्या पाण्यात टाकत. तांबडा गंज काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतो. सुटी काळी पूड ब्रशने काढायची आणि पुन्हा तेच, पाच-सहा वेळा. शेवटी दाट काळा थर बसतो. तांबडा गंज सुटा आणि ओल धरणारा, तर हा थर धातूला घट्ट चिकटलेला आणि तेल धरून ठेवणारा.

हे शाळेत खिळ्यावर करता येते. खिळा घासा, साबणाने धुवा, व्हिनेगरने पुसा आणि ओला स्पंज ठेवलेल्या बरणीत रात्रभर टांगा. सकाळी त्यावर तांबूस लव आलेली असते. आता तो पावसाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे उकळा. विहिरीचे किंवा नळाचे पाणी नको, त्यातल्या क्षारांचे डाग पडतात. शहापूर-मुरबाडला ऑगस्टमध्ये चांगले पाणी मिळवण्यासाठी पातेले अंगणात ठेवले की झाले. लव डोळ्यांदेखत काळी होते.

तेल कोणते, हेही सांगून टाकतो. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल काही आठवडे ठीक, पुढे ते खवट होऊन त्यातली आम्ले धातूलाच लागतात. रॉकेल उडून जाते. गाडीचे जळके तेल फुकट मिळते, पण त्यात आम्ले असतात आणि ते त्वचेला घातक आहे. यंत्राचे साधे खनिज तेल थोड्या दिवसांसाठी आणि ग्रीस चार महिन्यांसाठी, हे चांगले. जवसाचे तेल वाळून कडक पापुद्रा होतो, ते कुदळीच्या पात्याला उत्तम, बंदुकीच्या चापाला अजिबात नको.

गुरुजींनी पुढे बंदूक परवानाधारक कारागिराला दाखवली. त्याने नळीत उजेड टाकून पाहिले. दारू जिथे पेटते, म्हणजे दाब सर्वांत जास्त असतो, नेमके तिथेच सर्वांत खोल खड्डे होते. दोन मिलिमीटरच्या भिंतीत अर्ध्या मिलिमीटरचा खड्डा म्हणजे पाव जाडी गेली असा नुसता हिशेब नसतो. खड्ड्याच्या तळाशी ताण एकवटतो आणि चीर तिथूनच जाते. अशी नळी हातात फुटू शकते. हिच्यातून पुन्हा बार काढू नका, असे त्याने स्पष्ट सांगितले.

ऑक्टोबरमध्ये गुरुजींचा फोन आला. यंदा रानडुकरांसाठी रात्री पत्र्याचे डबे वाजवत होते. घरातले चारही विळे त्यांनी चिंचेने साफ करून, सोड्यात बुडवून, ग्रीस लावून ठेवले होते आणि कापणीला ते तसेच्या तसे निघाले. मग त्यांनी विचारले, वडलांच्या बंदुकीवर तो काळा थर कारागिराकडून चढवून घेता येईल का? आम्ही म्हटले, येईल, पण त्याने खड्डे नुसते काळे होतील, नळीची ताकद परत येणार नाही. तेव्हा थर चढवला तरी बार काढायचा नाही. त्यांनी होकार दिला आणि पावसाचे पाणी किती दिवस साठवून चालेल, ते विचारले.